एवढं बोलतेस, मग उभी का राहत नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भाऊ पुण्याहून फोनवर विचारतो, बचत गटातल्या बायका विचारतात, पंचायतीच्या कट्ट्यावर बसणारी जाणती माणसंही विचारतात: "ग्रामसभेत एवढं बोलतेस, मग निवडणुकीला उभी का राहत नाहीस?" दर 15 ऑगस्टला झेंडावंदन आटोपलं की हा प्रश्न ठरलेला. काहींना मनापासून वाटतं की मी उभं राहावं. बाकीच्यांना म्हणायचं असतं की उभं राहायचं नसेल तर गप्प बस.

गप्प बस म्हणणाऱ्यांना आधी उत्तर देते. ग्रामसभेत बोलायला निवडून यावं लागत नाही. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्याला पाच वर्षांची मुदत नाही, आरक्षणाची सोडत नाही, कुणा पॅनेलची मेहेरबानी नाही. 24 एप्रिल 1993 ला 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. मी बोलते ते त्या हक्कानं. त्यासाठी कुणाची परवानगी मागायची गरज मला कधी वाटली नाही.

झेंड्याला सलामी देऊन घरी जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. जन-गण-मन सुरू झालं की माझाही ऊर भरून येतो. पण सकाळी शाळेचं पटांगण माणसांनी भरलेलं असतं, आणि तासाभरात पंचायतीच्या सभागृहात मूठभर माणसं उरतात, हे मला सोसत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून सभा अडत नाही, आपल्यावाचून ठराव होतात, आणि ते ठराव अख्ख्या गावाचे म्हणून लिहिले जातात.

लग्न होऊन या गावात आले तेव्हा मीही म्हणायची, पाच वर्षांनी मत देतो ना, मग झालं. बीए करताना राज्यशास्त्र होतं, त्यामुळे माझ्याकडे पुरावेही तयार असायचे. कलम 51 क मधली मूलभूत कर्तव्यं बघा, म्हणायची, त्यात राष्ट्रध्वजाचा मान राखा आहे, पण सभेला बसा कुठे आहे? खरं आहे, नाही. मतदान करा असंही त्यात नाही. दुसरा पुरावा बाबासाहेबांचा. संविधान सभेत 1948 साली त्यांनी गावगाड्याबद्दल फार कठोर शब्द काढले होते. संकुचितपणा आणि अज्ञान तिथे नांदतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि घटनेच्या मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याचं त्यांना समाधान होतं. तेव्हाच्या मला आजही पूर्ण उत्तर देता येत नाही. सभेत कोण खुर्चीवर बसतं, कोण दाराशी उभं राहतं, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं जातं हे पाहिलं की बाबासाहेब समोर उभे राहतात. पण म्हणून सभा सोडून द्यावी, हे काही मला त्यातून निघताना दिसत नाही. दाराशी उभं राहणाऱ्याला आत बसायचा हक्क सांगणारं कागदावरचं एकच ठिकाण तेवढं आहे.

आता ज्या दिवसाबद्दल गावात अजून बोललं जातं, तो सांगते. एकदा माझ्या बाजूनं सगळं लिहायचंच होतं.

तीही 15 ऑगस्टचीच ग्रामसभा. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' झालं आणि ग्रामसेवकांनी महिला सभेचा ठराव वाचायला घेतला. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला आणि बालकल्याणासाठी असतो. त्यातून सभागृहाला खुर्च्या घ्याव्यात, असं महिलांनी एकमताने ठरवलं म्हणे. माझ्या शेजारी बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. महिला सभा कधी झाली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी उठून रजिस्टर मागितलं. थोडी कुरकुर झाली, पण दिलं.

पान उघडलं. नावं एका हातची, निळ्या शाईनं ओळीनं लिहिलेली. माझं नाव होतं, नवऱ्याच्या आणि आडनावासकट, बिनचूक. आणि त्यापुढे अंगठा. जांभळ्या शाईचा, जरा फरकटलेला, पुढच्या रकान्यात गेलेला.

मी रजिस्टर तसंच वर धरलं आणि म्हटलं, "मी सही करते. मी बीए झालेय. हा अंगठा कुणाचा?" सभागृह चिडीचूप. चुलत दीर पुढच्या रांगेत होते, ते वळून म्हणाले, "वहिनी, घरचं घरी बोलू." मी म्हटलं, "भाऊजी, हे घरचं नाही, हे सरकारी दप्तर आहे." मामंजी उठले आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेले.

घरी आले तर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढे बसलेल्या. माझ्या आधी बातमी पोचली होती. त्या म्हणाल्या, "शिपाई आला हुता. सुनंच्या नावाम्होरं अंगठा करा म्हनला, सरकारी काम हाय म्हनला. तू रानात गेल्यालीस. तुझं काम अडू नये म्हनून केला. त्याच्यावर काय लिवलंय, मला काय ठावं?"

मला तिथे बसवेना आणि उठवेना. गावासमोर मी जो अंगठा नाचवला तो आत्यांचा होता. तुझ्यामुळे आईला चारचौघांत मान खाली घालावी लागली, असं नवऱ्यानं ऐकवलं. मामंजी महिनोन्‌महिने माझ्याशी बोलले नाहीत. हे सगळं लक्षात धरूनही मी सांगते, रजिस्टर वर धरलं ते बरोबरच होतं. आत्यांच्या मायेचा वापर ज्यानं केला, त्याची मान का नाही खाली गेली? न झालेल्या सभेत खुर्च्यांना एकमतानं हो म्हणणाऱ्या आम्ही बायका कोण होतो, हे विचारायला दुसरी कुठली जागा होती? आणि तरीही आत्यांचा त्या वेळचा चेहरा आठवला की यातलं एकही वाक्य कामाला येत नाही. आता रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवायच्या आधी त्या माझ्याकडे बघून विचारतात, "यावर काय लिवलंय गं?" दुकानदार घाई करतो. मी मशीनच्या पडद्यावरचे गहू-तांदूळ वाचून दाखवते, मग त्या अंगठा ठेवतात.

त्यानंतर महिला सभा खरोखर भरायला लागली. पुढे पुढे बायका कमी होत गेल्या, शेतीची कामं, पाण्याची वेळ, घरातली नाराजी. आता येणाऱ्या ठरावीक. खुर्च्या मात्र तेव्हाच आल्या होत्या, आम्ही त्यांवरच बसतो.

आता मूळ प्रश्न. उभी का राहत नाही? ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पण पॅनेल असतं, आणि पॅनेल म्हणजे भावकी. एका पॅनेलमध्ये गेले की दुसऱ्या पॅनेलच्या बायका माझ्यापाशी तक्रार घेऊन येणार नाहीत. निवडणुकीचा खर्च आहे, आमच्या घराला तो झेपत नाही. आणि ज्या पदासाठी बोली लागते ते पद मला नको वाटतं. 2021 च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं होतं. या दोन ठिकाणांचं बाहेर आलं, एवढंच.

एक कारण मी सहसा सांगत नाही. मला भीती वाटते. हरायची नाही, निवडून यायची. सह्या करायला माझ्यापुढे कागद येतील आणि प्रत्येक कागद वाचायला मला वेळ मिळणार नाही.

भाऊ म्हणतो, "ताई, तुझ्यासारख्या बाहेर राहतात म्हणून तीच माणसं आत बसतात. हिवरे बाजारलाही कुणीतरी सरपंच व्हावं लागलंच ना?" त्याचं खोडून काढता येत नाही मला. पोपटराव पवार सरपंच झाले म्हणून ते गाव उभं राहिलं हे खरंच. पण त्या गावाचं नाव घेणारे सरपंच तेवढा बघतात, रात्रीपर्यंत बसणारी ग्रामसभा बघत नाहीत. सगळे शहाणे उभे राहिले आणि सभेत विचारणारं कुणी उरलं नाही, तर त्या शहाण्यांचंही काय होईल याची मला खात्री नाही. यावर भावाचं आणि माझं फोनवर भांडण होतं आणि ते मिटत नाही.

पुढच्या सोडतीत आमचं सरपंचपद महिलांसाठी निघालं तर पॅनेलवाले दारात येतील. मागे आले होते तेव्हा मामंजींनी त्यांना परस्पर परत पाठवलं, मला विचारलंही नाही. मी नाहीच म्हणणार होते, तरी त्याचा राग मनात आहे. या खेपेला उत्तर मी देईन. ते नाही असेल असं आज वाटतं, छातीठोक सांगत नाही.

तोवर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी मी लेखी अर्ज दिला आहे: 10 टक्के निधीचा खर्च सभेत वाचून दाखवावा. सात दिवस आधी नोटीस फलकावर लागेल. विषयपत्रिकेत तो विषय नसेल तर ऐनवेळच्या विषयांत मी तो मांडणार आहे. मला प्रश्न विचारणाऱ्यांपैकी ज्यांचं नाव आमच्या मतदार यादीत आहे, त्यांनी त्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसावं. आणि हजेरीची सही तिथेच, सभेत करावी.