गोजिरा तयार, धूळ नामंजूर

तोक्योत राहून कुणाला १९५४च्या ‘गोजिरा’ (म्हणजे ‘गॉडझिला’) या जपानी चित्रपटाच्या पद्धतीने छोटा राक्षसपट करायचा असेल, तर आधी सूट शिवायला बसू नका. आधी सभागृहाचा अर्ज आणा आणि त्यातले रकाने वाचा. आमचा राक्षस शेपटीसकट तयार होऊन दिवाणखान्यात लोळत होता आणि आम्ही धुळीच्या परवानगीची वाट बघत बसलो होतो. हो, धुळीच्या.

तोक्योच्या निशिकासाई भागातल्या आम्ही काही मराठी मंडळींनी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी फिल्म करायची ठरवली. अट एकच: कॉम्प्युटरची करामत नको, सगळं ‘गोजिरा’चे स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या एइजी त्सुबुराया यांच्यासारखं. माणूस सूटमध्ये, शहर लहान, कॅमेऱ्याचा वेग जास्त. खुद्द त्सुबुरायांच्या मनात ‘किंग काँग’ होता. बाहुली तसूतसूने हलवत एकेक फ्रेम टिपायची. पण हाताशी असलेल्या माणसांत त्याला सात वर्षं लागतील असा हिशोब निघाला, म्हणून माणूस सूटमध्ये शिरला. आमच्या पथ्यावरच पडलं.

सूट, रंग, पुठ्ठ्याचे रस्ते, विजेचे खांब हे सगळं झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. (विजेचे मनोरे मेणाचे करा. मूळ चित्रपटात मनोरे वितळतात ते मेणाचेच होते.)

अडलं ते एका सार्वजनिक सभागृहाच्या काउंटरवर. कुठलं ते सांगत नाही, अजून तिथे जावं लागतं. तिथल्या तारखा सोडतीने मिळतात, तशी आम्हाला मिळाली. अर्जात ज्वाळेचा रकाना होता, धुराचा होता, मोठ्या आवाजाचा होता, खाण्यापिण्याचाही होता. आम्ही सगळीकडे ‘नाही’ लिहिलं आणि ‘इतर’ या रकान्यात खरं ते लिहिलं: प्लॅस्टरच्या छोट्या इमारती पाडणार, थोडी धूळ उडेल.

काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि अतिशय अदबीने आत निघून गेल्या. बाहेर आल्या त्या एका गृहस्थांना घेऊन. त्यांनी विचारलं, धूळ किती ग्रॅम? मग, किती उंच उडेल? खाली बसायला किती वेळ? एसी चालू असताना की बंद? कुणी आवाज चढवला नाही, कुणी ‘नाही’ही म्हटलं नाही. विचारून कळवतो, एवढंच. एसीची देखभाल करणाऱ्यांना विचारायचं, धुराचा इशारा देणारी यंत्रं बघणाऱ्यांना विचारायचं, फरशीवाल्यांना विचारायचं. धुराचा रकाना असता तर ठरलेला नियम असता. धुळीचा रकानाच नाही, म्हणून नियम नाही, आणि नियम नाही म्हणून सही करायला कुणी धजत नाही. मी खोलीचा नकाशा काढून दिला. त्यावर इमारती कुठे, माणसं कुठे, झाडू कुठे, सगळं दाखवलं. झाडूची जागा त्यांना आवडली. मग पुन्हा शांतता. तेवढ्यात तारीख उलटली आणि आम्ही परत सोडतीत.

‘मग धूळ वगळा की!’ असं घरचे म्हणाले. तिथेच तर सगळी गोम आहे. १९५४च्या त्या शहरातल्या बहुतेक इमारती १:२५ या प्रमाणात होत्या, आणि त्या खारीसारख्या भुगा होत कोसळल्या पाहिजेत म्हणून प्लॅस्टर वापरलं होतं, आधीच चिरा पाडून. पुठ्ठ्याची इमारत पडते तेव्हा खोका पडल्यासारखा दिसतो. तुकडे आणि धूळ हळूहळू खाली आली तरच डोळा फसतो. त्याचं गणितही सोपं आहे. पंचवीसपट लहान उंचीवरून वस्तू पाचपट लवकर खाली येते, कारण पंचविसाचं वर्गमूळ पाच. म्हणून चित्रण पाचपट वेगाने करायचं: सेकंदाला २४ फ्रेमच्या फिल्मसाठी १२० फ्रेम, म्हणजे पडद्यावर पडणं पाचपट संथ दिसतं. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये ती सोय असते. मात्र दिवे भरपूर लागतात, ते विसरू नका.

थांबलेल्या दिवसांत मला तोमोयुकी तनाका या ‘गोजिरा’च्या निर्मात्याचा फार आधार वाटला. त्यांचा ठरलेला चित्रपट इंडोनेशियात होणार होता. तिथल्या सरकारने व्हिसा नाकारले आणि तो बारगळला. जाकार्ताहून परतताना विमानातच त्यांना समुद्रातून येणाऱ्या राक्षसाची कल्पना सुचली म्हणतात. १९५४च्या १ मार्चला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली होती आणि ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली होती. ३ नोव्हेंबरला चित्रपट पडद्यावर! एवढ्या वेळात आमचं छोटं गिन्झा (तोक्योतली दुकानांची पेठ) उभं करून पाडूनही झालं असतं. कुणी फक्त धुळीला हो म्हणायला हवं होतं.

अर्थात ‘गोजिरा’च्या मंडळींनाही लोक अडवत होतेच. गिन्झातल्या मात्सुझाकाया या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर उभं राहून कुठली इमारत जाळायची, कुठली पाडायची, अशी चर्चा करताना त्यांना पहारेकऱ्यांनी हटकलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. दिग्दर्शक इशिरो होंडाही त्यात होते. तिथल्याच वाको या दुकानाचं मनोऱ्यावरचं घड्याळ चित्रपटात पाडलं म्हणून वाकोवाले रुसले, हेही सांगतात.

शेवटी माझ्या ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने मार्ग काढला. म्हणाला, कागदावर धूळ दिसत नाही, त्यांना दाखव. मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोठ्या खोक्यात एक दुमजली इमारत ठेवून काउंटरवर नेली आणि त्या गृहस्थांच्या हातात छोटी हातोडी दिली. त्यांनी ती पाडली. खूप मन लावून पाडली. मग स्वतःच पुसून बघितलं, एका फडक्यात सगळं आलं. परवानगी त्याच आठवड्यात: एसी बंद, जमिनीवर प्लॅस्टिक, सेट तीन बाजूंनी पडद्यांनी बंद. म्हणजे अर्ज द्यायलाच जाल तेव्हा खोकं बरोबर न्या. मला इतके हेलपाटे घालावे लागले, तुम्ही तरी शहाणे व्हा.

सूटबद्दल एक राहिलं. मूळचा पहिला सूट सुमारे शंभर किलोचा होता. तो घालून काम करणाऱ्या हारुओ नाकाजिमांना त्यात धड चालता येईना, म्हणून तो मधून कापून पायांच्या आणि धडाच्या दृश्यांना वापरला. आमचा फोमचा होता, तरी आतला मुलगा घामाने निथळत होता. पाण्याची बाटली आणि पाठीमागची चेन उघडणारा माणूस कायम जवळ हवा. कॅमेरा जमिनीला टेकवा. माणसाच्या नजरेच्या उंचीवरून घेतलात तर राक्षस लगेच बुटका होतो.

आवाजासाठी संगीतकार आकिरा इफुकुबेंची युक्ती वापरा: कॉन्ट्राबास या व्हायोलिनसारख्या पण भल्यामोठ्या वाद्याची तार सैल करायची, राळ लावलेला चामडी हातमोजा तिच्यावरून ओढायचा आणि ध्वनिमुद्रण संथ करून ऐकायचं. वाद्य भाड्याने मिळतं. फक्त राळेचं देणाऱ्याला आधी सांगा, आणि तार स्वतःची न्या.