आईच्या गोळ्या, चार वाट्या आणि माझा प्रोग्राम

आई रोज थायरॉइडची गोळी घेत होती, तरी रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला आला, म्हणजे गोळी पुरी पडत नव्हती. डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेता कशा?"

"सकाळच्या चहाबरोबर सगळ्या एकदम घेऊन मोकळी होते."

त्या सगळ्यांत कॅल्शियमही होतं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं. नाहीतर ती नीट अंगी लागत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, आई साताऱ्याला एकटी. कॉम्प्युटर-शास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या २००६ च्या लेखापासून गाजलेलं 'कॉम्प्युटेशनल थिंकिंग' आमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेलं: प्रश्नाचे तुकडे करा, अटी मांडा, क्रम लावा. मी तक्ता केला. मधुमेहाची मेटफॉर्मिन दोन्ही जेवणांबरोबर, बीपीची एक, ६०,००० युनिटचं व्हिटॅमिन डी आठवड्यातून एकदा. अटी बसवल्या, तिच्या मोबाइलवर पाच अलार्म लावले आणि निर्धास्त झालो.

पंधरा दिवसांनी गेलो तर मोबाइल कपाटात, रुमालात गुंडाळलेला. "देवपूजेच्या मधेच कोकलतो मेला."

मग सात खणांचा डबा आणला. त्यावर वारांची इंग्रजी अक्षरं, आणि झाकणं इतकी घट्ट की तिच्या संधिवाताच्या बोटांना उघडेनात. हा पैसा वायाच गेला.

त्या खेपेला चार दिवस राहिलो आणि काही न सुचवता नुसता बघत बसलो. डिझाइन थिंकिंगची पहिली पायरी हीच, आधी माणूस समजून घ्या. ट्रेनिंगमध्ये ती मी जांभया देत ऐकली होती. आईचा दिवस घड्याळावर चालतच नाही. तो चहा, पूजा, जेवण, मालिका असा सरकतो. आणि पहाटे साडेचारच्या सुमारास ती बाथरूमला उठते, परतताना उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी पिते. चहाला अजून तास-दीड तास असतो! माझ्या तक्त्यातली सगळ्यात अवघड अट तिथे आपोआप बसत होती. अर्थात तक्ता नसता तर त्या घोटभर पाण्याकडे माझं लक्षही गेलं नसतं.

स्टीलच्या चार वाट्या घेतल्या. एक तांब्याशेजारी, एक देवघरात बीपीच्या गोळीसाठी, दोन जेवणाच्या टेबलावर. कॅल्शियम दुपारच्या वाटीत, गुरुवारी त्यातच व्हिटॅमिन डी.

"घेतली की नाही, हेच आठवत नाही रे," ही तक्रार मात्र उरली. त्यावर तोडगा तिनेच काढला: गोळी घेतली की वाटी उपडी. रात्री निजताना चारही वाट्या सुलट्या करून उद्याच्या गोळ्या भरायच्या. कॉम्प्युटरच्या भाषेत एका बिटची मेमरी, म्हणजे फक्त 'हो की नाही' एवढंच लक्षात ठेवणारी, आणि रोजचा रीसेट. मी हसलो, तिला कारण कळलं नाही.

संकष्टीला पुन्हा अडलं. दिवसभर जेवणच नाही, मग दुपारच्या वाटीचं काय? हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हताच. डॉक्टरांना विचारून उपवासाचं वेगळं लिहून घेतलं. तो कागद आता कालनिर्णयमागे अडकवलेला असतो.

पुढचा टीएसएच डोस न वाढवता आटोक्यात आला.

गेल्या महिन्यात मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप दिली. आईचा फोन आला: "गोळी पांढरीच आहे, पण पाकीट हिरवं. ही कुठल्या वाटीतली?"