तुम्ही विचारलंत म्हणून: मिठावर पळणाऱ्या जुन्या कूपला इंजिन कोणतं टाकायचं?

1934 ची फोर्ड कूप किंवा तिच्या काळातली एखादी दोन दरवाजांची गाडी बॉनव्हिलच्या मिठावर पळवायची, तर तिच्यात इंजिन कोणतं टाकायचं? जुन्या गाड्यांच्या मंडळींकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. थोडक्यात उत्तर असं, की इंजिन शेवटी. आधी वर्ग, मग वारा, मग वजन, मग ड्रायव्हरचा जीव. हे चार हिशेब जुळले की इंजिनाच्या निवडीला फारशी जागा उरतच नाही. इंजिनापासून सुरुवात करून बांधलेल्या गाड्यांना ताकद भरपूर असते, पण ती ताकद मिठात चाक फिरवण्यात जाते.

बॉनव्हिल म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्यात, वेंडोव्हर गावाजवळ पसरलेलं मिठाचं सपाट मैदान. समुद्रसपाटीपासून साधारण 4200 फूट उंच. 1949 पासून तिथे ऑगस्टमध्ये 'स्पीड वीक' भरतो. भरवणारी संस्था सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजे एससीटीए. तिचं काम त्याआधीपासून कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर चालू होतं आणि एल मिराज तळ्यावर ते आजही चालतं. तिथे पळायला जेमतेम 1.3 मैल मिळतात, बॉनव्हिलच्या लांब ट्रॅकवर पाच. शर्यत दुसऱ्या गाडीशी नसते. आपल्या वर्गात जो विक्रम नोंदलेला आहे, तो ओलांडायचा. ओलांडला की गाडी राखीव आवारात जाते, तिथे कामाला चार तास मिळतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळावं लागतं. दोन्ही धावांची सरासरी जुन्या आकड्याच्या वर गेली, तरच विक्रम. त्यामुळे एकदा जीव तोडून पळणारं आणि दुसऱ्या सकाळी बंद पडणारं इंजिन इथे काही कामाचं नाही.

वर्ग दोन गोष्टींनी ठरतो, बॉडी आणि इंजिन. 'व्हिंटेज' कूपसाठी बॉडी अमेरिकी आणि 1948 पर्यंतची हवी. मग तुम्ही तिच्यात किती फेरफार करणार, यावर गॅस कूप, ऑल्टर्ड किंवा कॉम्पिटिशन कूप अशी पायरी ठरते. टप कापता येईल का (म्हणजे खांब कापून गाडीचं छप्पर खाली आणता येईल का), इंजिन मागे सरकवता येईल का, पुढची जाळी बंद करता येईल का, याची उत्तरं प्रत्येक पायरीवर वेगळी आहेत. नियमपुस्तक त्या वर्षीचंच घ्या. पत्र्याला कटर लावण्याआधी ते दोनदा वाचा, कारण कापलेला टप परत उंच करणं हे नवी बॉडी शोधण्याइतकंच महाग पडतं. इंधनाचंही तसंच. 'गॅस' वर्गात पेट्रोल तिथलंच घ्यावं लागतं आणि टाकीला सील लागतं. मिथेनॉल, नायट्रो वगैरे वापरायचं तर 'फ्युएल' वर्ग.

आता वारा. टप कापलेल्या 1934 कूपचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ 20 चौरस फूट आणि रोधाचा गुणांक 0.5 धरा. ऑगस्टच्या उन्हात तिथली हवा विरळ असते, घनमीटरला सुमारे एक किलो. या आकड्यांनी ताशी 150 मैलांना फक्त वाऱ्यासाठी 190 हॉर्सपॉवर लागते, मिठावर चाकं ओढायला आणखी 35. म्हणजे चाकापाशी 225. ताशी 200 मैलांना हाच आकडा 500 च्या आसपास जातो. वेग एक तृतीयांशानं वाढला आणि ताकद दुपटीच्या वर लागली, कारण वाऱ्यासाठीची ताकद वेगाच्या घनानं वाढते.

इथे टप कापण्याबद्दलचा एक गैरसमज काढून टाकायला हवा. टपाची रुंदी 45 इंच धरली आणि तीन इंच कापले, तर क्षेत्रफळ एक चौरस फुटाहूनही थोडं कमीच घटतं, म्हणजे जवळपास पाच टक्के. त्यातून वेग वाढतो दीड टक्का, 150 चे 152. वाईट नाही, पण त्यासाठी तीन महिने पत्र्याशी झुंजायचं असेल, तर आधी स्वस्तातली कामं उरका. नियमात बसत असेल तर पुढची जाळी बंद करा, दारांच्या फटी बुजवा, हेडलाइट काढा, गाडी जमिनीलगत आणा आणि नाक शेपटीपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे पोटाखाली हवा शिरत नाही. टप कापण्याचा खरा फायदा समोरची काच मागे कलवण्यात आहे. पिअरसन बंधूंची 1934 ची कूप आजही त्यासाठीच पाहिली जाते. तिची काच इतकी मागे रेललेली आहे, की वारा कपाळावर आदळायच्या ऐवजी टपावरून वाहून जातो.

वजनाबाबत रस्त्यावरच्या गाडीची सगळी अक्कल इथे उलटी होते. ताशी 200 मैलांना आधीच्या हिशेबातल्या कूपवर वाऱ्याचा रोध सुमारे 380 किलो येतो. गाडी 1400 किलोंची, त्यातले 55 टक्के मागच्या चाकांवर, म्हणजे 770 किलो. मिठाची पकड 0.5 धरली तर मागची चाकं जास्तीत जास्त 385 किलोंचा रेटा देऊ शकतात. पुढची चाकं ओढायला 20 किलो आणखी लागतात. बेरीज 400, हातात 385. इंजिन हजार हॉर्सपॉवरचं असलं तरी ही गाडी 200 गाठणार नाही. मीठ ओलसर असेल तर पकड आणखी घटते. म्हणून या खेळात लोक गाडी हलकी करत नाहीत, तिच्यात शिसं भरतात.

पण शिसं कुठे भरायचं, यातच खरी कसोटी आहे. सगळं मागे भरलं तर पकड येते आणि गाडी गिरकी घेते. वाऱ्याच्या दाबाचा मध्य गुरुत्वमध्याच्या पुढे गेला, की बाजूनं आलेली झुळूक नाक ढकलते आणि शेपूट पुढे यायला बघते. जुन्या कूपचा मागचा भाग गोल आणि उतरता, त्यामुळे मागे धरून ठेवणारा पत्रा कमी असतो. माझं ठाम मत असं, की पहिलं वजन पुढे जावं: पाण्याची टाकी, बॅटरी, मग चॅसीच्या दोन्ही बाजूंना ड्रायव्हरच्या पायांच्या पुढे शिसं. सरळ पळण्याची खात्री पटली, की मगच मागच्या एक्सलजवळ थोडं थोडं वाढवत न्या. वजन चॅसीला आरपार बोल्टनं बसवा, पट्टीनं बांधून चालत नाही. गाडी उलटली तर सुटलेलं शिसं सरळ ड्रायव्हरकडे येतं.

पुढच्या एक्सलला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल, भरपूर द्या, 10 अंशांहून जास्त चालतो. स्टीअरिंग जड होतं, पण मिठावर वळायचं नसतंच. टायर त्या वेगासाठी बनवलेलेच हवेत आणि त्यात हवा 50 ते 60 पीएसआय. व्हॉल्व्हवर धातूची टोपी लावा. चाक वेगानं फिरताना आतली सुई बाहेर ओढली जाते आणि हवा निसटू शकते, प्लास्टिकची टोपी ती अडवत नाही.

केज, म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा नळ्यांचा पिंजरा, त्याच्या बाबतीत तडजोड नाही. नळी 1⅝ इंच व्यासाची, जाडी 0.120 इंच, वेल्डिंग घासून गुळगुळीत केलेलं नको, कारण तपासनीसाला टाका दिसावा लागतो. हमखास होणारी चूक अशी, की टप आधी कापतात, केज नंतर बांधतात आणि शेवटी हेल्मेट घातलेलं डोकं नळीला टेकतं. क्रम उलटा हवा. ड्रायव्हरला पूर्ण सूट, हेल्मेट आणि मानेचा आधार चढवून सीटवर पट्ट्यांनी आवळा, डोक्याभोवती नळीची जागा ठरवा आणि मग टप किती उतरवायचा ते मोजा. त्याच वेळी हात बांधलेल्या अवस्थेत पॅराशूटची दोरी, आग विझवण्याची मूठ आणि इंधनाची चावी हाताला येते का ते बघा. ताशी 175 मैलांच्या वर पॅराशूट सक्तीचं आहे. त्याचा ओढा गुरुत्वमध्याच्या उंचीवर यावा. वर बांधलं तर नाक उचलतं, खाली बांधलं तर शेपूट.

आता इंजिन. व्हिंटेज कूपला शोभणारा वर्ग 'एक्सएफ': 1932 ते 1953 च्या फोर्ड आणि मर्क्युरीचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असणारं) व्ही-8, 325 घनइंचांपर्यंत. साध्या फोर्डचं 239 घनइंच, मर्क्युरीच्या क्रँकचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 4 इंच. तो क्रँक घालून बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 3 5⁄16 इंचावर नेला की 276 होतात, 3⅜ वर 286. चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनांचा वर्ग वेगळा, इतर कंपन्यांच्या जुन्या इंजिनांचा वेगळा.

फ्लॅटहेडचं दुखणं ब्लॉकमध्येच आहे. जळलेला वायू ब्लॉकच्या पोटातून बाहेर जातो, प्रत्येक बाजूला चार सिलिंडरना तीनच वाटा, मधल्या दोघांची एकच. सगळी उष्णता पाण्यात उतरते. त्यामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीपासून बोअरकडे आणि स्टडच्या भोकांभोवती ब्लॉक तडकतो. पिस्टन, कॅम, हेड यांवर पैसा घालण्याआधी ब्लॉक उघडा करा, आम्लानं धुवा, चुंबकीय तपासणी करा आणि पाण्याच्या वाटेला दाब देऊन बघा. दहातले कित्येक ब्लॉक इथेच बाद होतात, आणि ते इथेच बाद झालेले परवडतात. कॉम्प्रेशनचं प्रमाण साडेआठास एकच्या आसपास थांबवा. आणखी वाढवायला गेलात तर व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी फट अरुंद होते आणि हवा गुदमरते. पिस्टन आणि हेडमधलं अंतर 0.050 इंच ठेवा. मागचे सिलिंडर वाफ धरतात, तिथून पाणी परत टाकीत आणणारी जादा नळी बसवा.

रेडिएटरची गरज नाही. 200 हॉर्सपॉवरच्या फ्लॅटहेडमधून तेवढीच उष्णता पाण्यात जाते असं धरलं, तर 90 सेकंदांच्या धावेत 75 लिटर पाणी सुमारे 43 अंशांनी तापतं. 30 अंशांना सुरुवात केली तर 73 वर संपतं. जाळी बंद करायला मोकळीक मिळाली, आणि पुढच्या एक्सलवर 75 किलोही आले. थंड पाण्यानं लगेच पळू नका. तेल तापल्याशिवाय गाडी रांगेतून पुढे काढायची नाही.

उंचीमुळे ताकद बारा-पंधरा टक्के घटते आणि मिश्रण दाट होतं. स्ट्रॉमबर्ग 97 कार्ब्युरेटरचा मूळ मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) 0.045 इंच, तिथे दोन-तीन हजारांशांनी लहान जेट सोबत न्या. मिश्रण बरोबर आहे की नाही, याची खात्री स्पार्क प्लग बघून होते. मोजणीचा मैल संपताच पूर्ण थ्रॉटलवर असतानाच इंजिन बंद करून क्लच दाबा, गाडी घरंगळत थांबू द्या आणि तिथेच प्लग काढा. हळूहळू चालवत परत आणलेल्या गाडीचे प्लग काहीच सांगत नाहीत.

गिअरचा हिशेब असा: इंजिनाचे मिनिटाचे फेरे म्हणजे ताशी मैलांतला वेग गुणिले मागच्या एक्सलचा रेशो गुणिले 336, भागिले टायरचा व्यास इंचांत. 28 इंची टायर, 150 मैल आणि 5000 फेरे, तर रेशो 2.78. कागदावर बरोबर, मिठावर चूक. चाक सहा टक्के घसरतंच, म्हणजे 150 ला इंजिन 5300 फेऱ्यांवर पोचतं आणि ताकदीचं शिखर मागे पडतं. घसरण धरून रेशो 2.62 हवा. क्विक-चेंज डिफरन्शियल महाग, पण मागचं झाकण काढून दोन गिअर बदलले की काम झालं, म्हणून इथे पैसा वाचवू नका. धावेनंतर टाइमस्लिपवरचा (मोजलेल्या वेगाच्या चिठ्ठीवरचा) वेग आणि टॅकोमीटरवरचे फेरे ताडून बघा. घसरण दहा टक्क्यांच्या वर गेली तर गिअरला हात लावू नका, वजन वाढवा.

आणि मीठ. कोकणातल्या खाऱ्या हवेत दाराच्या बिजागरीचं जे वर्षभरात होतं, ते इथे आठवड्यात होतं. चाकांच्या खोबणीत मिठाचे ढेकूळ चिकटतात, ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतात, ओलं मीठ विजेच्या जोडांमधून करंट गळवतं आणि इंजिन मिसफायर करू लागतं. जोडांना सिलिकॉन ग्रीस लावा, अर्थच्या तारा एकाऐवजी दोन ठेवा, ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे टेकतं तिथे मध्ये रंगाचा थर द्या. परतल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन थांबू नका. ड्रम, हब आणि पाटे सुटे करा, चॅसीच्या पोकळ भागात पाण्याची नळी घालून निघणारं पाणी खारट लागेनासं होईपर्यंत धुवा.

शेवटी, तारखांवर भरवसा ठेवून रजा टाकू नका. 2014, 2015 आणि 2022 चा स्पीड वीक पावसानं किंवा खराब मिठानं रद्द झाला. आणि पहिल्या धावेत विक्रमाचा विचार नको. नवख्या ड्रायव्हरला परवाना टप्प्याटप्प्यानंच मिळतो. त्या सावकाश धावांमध्ये गाडी कोणत्या बाजूला ओढते, पाण्याचं तापमान किती चढतं आणि घसरण किती होते, हे वहीत टिपून घ्या.