संत्रे सोलणारे मूल आणि खुर्चीत बसलेली शिक्षिका

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या ज्या शाळेत मी मॉन्टेसरी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत आहे, तिथला एक नियम नागपूरच्या माणसाच्या पचनी पडणे अवघड आहे. मूल अडले म्हणून लगेच मदतीला धावायचे नाही. मुलाने स्वतः मदत मागितली, कोणाला इजा होण्याची शक्यता असली किंवा एखादे मूल दुसऱ्याच्या कामात अडथळा आणू लागले, तरच उठायचे. एरवी ठरवून दिलेल्या खुर्चीत बसायचे, पाहायचे आणि जे दिसले तेवढेच वहीत उतरवायचे. ‘कंटाळला’ असे लिहायचे नाही, कारण तो आपला तर्क झाला. ‘दोनदा खिडकीकडे पाहिले, मग पुन्हा कामाला लागला’ असे लिहायचे. कामात गुंतलेल्या मुलाला मध्येच ‘शाब्बास’ म्हणणेही टाळायचे, कारण त्या क्षणापासून त्याचे लक्ष हातातल्या कामावरून उडून आपल्या चेहऱ्यावर येते. ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरी मूळच्या डॉक्टर होत्या, १८९६ साली रोममधून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली होती, आणि रुग्णाला औषध देण्याआधी नीट पाहण्याची ती शिस्त त्यांनी वर्गात आणली, हे पुस्तकात वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्ष खुर्चीत बसल्यावर त्याची किंमत कळते.

मला ती कळली एका मॅन्डरिनमुळे. डिसेंबरच्या सुरुवातीला सिंटरक्लासच्या सणाच्या दिवसांत इथे घरोघरी ही लहान संत्री येतात आणि वर्गातही फळीवर एक तबक मांडले जाते: एक मॅन्डरिन, एक बशी, सालांसाठी वाटी आणि घडी घातलेले फडके. जेमतेम चार वर्षांच्या एका मुलाने हात धुऊन ते तबक दोन्ही हातांनी धरून टेबलावर आणले. देठाच्या जागी अंगठा रुतवला, तर साल सुटण्याऐवजी नखाएवढे तुकडे निघू लागले. रस उडाला, डोळ्यांत गेला, त्याने बाहीने डोळा पुसला, थोडा वेळ हात तसेच ठेवून तो बसून राहिला आणि मग दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. साल वाटीत, पांढऱ्या शिरा वाटीत, बशीच्या कडेने एकेक फोड. त्यांतल्या दोन फुटल्या, त्या त्याने स्वतः खाल्ल्या. मग बशी घेऊन तो वर्गात फिरला. एक मुलगी फरशीवर चटई पसरून काम करीत होती, ती मान हलवून नको म्हणाली. तो पुढच्याकडे गेला, तिथेही नकार. तिसऱ्याने फोड घेतली आणि आभार मानले. परत येऊन त्याने टेबल पुसले, साली कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि तबक जागेवर ठेवले. या सगळ्याला वीसेक मिनिटे तरी लागली असतील आणि तेवढ्या वेळात वर्गातल्या एकाही मोठ्या माणसाने त्याला एक शब्द सांगितला नाही. शिक्षिका शेजारीच बुटक्या खुर्चीत होत्या. त्यांची नजर त्याच्यावर होती, पण ती त्याला जाणवू नये इतकी बाजूने होती.

आता हेच संत्र्यांच्या शहरात, आपल्या घरी कसे होते ते मी सांगायला नको. आजी संत्रे सोलते, शिरा काढते, फोड उलटी करून बी काढते आणि गर नातवाच्या तोंडात ठेवते. त्या मायेला नावे ठेवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मी त्याच हातांची वाढलेली आहे आणि इथल्या थंड, नीटनेटक्या दुपारी त्या हातांची आठवण मला अनेकदा व्याकूळ करते. पण एक गोष्ट मनापासून सांगते, की आपले नागपुरी संत्रे या कामासाठी इथल्या मॅन्डरिनपेक्षा कितीतरी चांगले आहे. त्याची साल सैल असते, लहान बोटांना सहज सुटते, आणि आंबिया बहार संपतो न संपतो तोच मृग बहाराचा माल बाजारात येऊ लागतो. जगातल्या कोणत्याही मॉन्टेसरी शाळेने हेवा करावा असे साहित्य आपल्या परडीत पडलेले असते, आणि मुलाच्या वाट्याला मात्र सोललेली फोड येते.

संत्र्याचेच कशाला, मॉन्टेसरी पद्धतीत दैनंदिन व्यवहाराची जी कामे आहेत, त्यांतली निम्मी विदर्भातल्या घरात अजून चालू आहेत. मटार सोलणे, डाळ निवडणे, मेथीची पाने खुडणे, भांड्यातून भांड्यात पाणी ओतणे. देवासाठी कापसाच्या वाती वळताना अंगठा आणि दोन बोटांची जी हालचाल होते, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. आपण ही कामे बायकांच्या गळ्यात अडकवलेली कटकट ठरवली, मुलांना त्यांतून मोकळे केले आणि त्या मोकळ्या हातांत चार रेघी वही दिली. तान्हा पोळा हा खरा मुलांचा सण; पण स्पर्धेतला लाकडी नंदी रात्री जागून आई-बाबा सजवतात आणि मुलाने सकाळी दोरी धरून फोटोपुरते उभे राहायचे असते. मला याचे वाईट वाटते, कारण घुंगरू ओवणे, झूल बांधणे, बेगड चिकटवणे हे सगळे पाच वर्षांच्या मुलाला उत्तम जमते. ते वाकडे होईल आणि बक्षीस मिळणार नाही, एवढेच.

हे सगळे आज लिहायला बसले त्याचे कारण वहिनीचा फोन. माझी भाची यंदा प्रतापनगरजवळच्या एका कॉन्व्हेंटमध्ये केजी वनला आहे आणि तिला पेन्सिल नीट धरता येत नाही, अक्षरे रेघेबाहेर जातात, अशी तक्रार वहीतून घरी आली. पोर संध्याकाळी वही काढली की रडते. वहिनीने विचारले, “ताई, तुमच्याकडची मुले या वयात किती लिहितात हो?”

उत्तर असे, की या वयात आमच्या वर्गातली बरीच मुले वहीत काहीच लिहीत नाहीत, आणि तरीही दिवसभर लिहिण्याचीच तयारी करीत असतात. लाकडी ठोकळ्यात बसणारे दहा दट्टे असतात, त्यांची बारीक मूठ तीन बोटांनीच उचलावी लागते. धातूच्या आकृत्यांच्या कडेने रंगीत पेन्सिल फिरवून आतला भाग रेघांनी भरायचा असतो. तिथे हात हलका आणि स्थिर होतो. सँडपेपरच्या अक्षरावरून दोन बोटे फिरवायची आणि त्याच वेळी त्याचा उच्चार करायचा, म्हणजे अक्षर डोळ्यांआधी हाताच्या ओळखीचे होते. मग सुट्या अक्षरांची पेटी येते आणि हाताला लिहिता येण्यापूर्वीच मूल चटईवर शब्द मांडू लागते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत उघडलेल्या पहिल्या बालगृहात गरीब कामगारांची मुले वाचण्याआधी लिहू लागली, ती अशा तयारीतून. भाचीच्या बोटांना ही तयारी कोणी दिलीच नाही आणि थेट परिणाम मागितला. त्यात तिचा काहीही दोष नाही.

शिकवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. सेगँ या फ्रेंच डॉक्टरांकडून घेतलेला तीन टप्प्यांचा पाठ इथे रोज दिला जातो. दोन-तीन अक्षरे समोर ठेवायची: ‘हा म, हा क.’ मग विचारायचे: ‘म दाखव. क माझ्या हातात दे.’ हा मधला टप्पा लांबवायचा, त्यात खेळ आणायचा. शेवटी एकेक अक्षर पुढे करून ‘हा कोणता?’ तिथे मूल चुकले, तर ‘चूक’ म्हणायचे नाही, दुरुस्तीही करायची नाही. साहित्य शांतपणे जागेवर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करायची. चार रेघी वहीवर लाल पेनाने गोल करणाऱ्या बाईंना हे एकदा दाखवावे, असे मला फार वाटते.

भाचीसाठी मी मराठी अक्षरे करायला घेतली आहेत, स्वर निळ्या पाट्यांवर आणि व्यंजने गुलाबी पाट्यांवर. या बाबतीत देवनागरीचा मला अभिमान वाटतो. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि उच्चार दुसरा, त्यामुळे मॉन्टेसरी वर्गात नाव बाजूला ठेवून केवळ ध्वनी शिकवावा लागतो. आपल्याकडे ती अडचण मुळातच नाही. अडचण येते ती ऱ्हस्व वेलांटीला. सुट्या अक्षरांनी ‘किरण’ मांडताना मुलाला आधी क ऐकू येतो आणि मग इ, पण वेलांटी मांडायची क च्या आधी. ऐकलेल्या क्रमाने मांडणाऱ्या मुलाला आपली लिपी तिथे अडवते. म्हणून मी काना आणि दीर्घ वेलांटीचे शब्द आधी घ्यायचे ठरवले आहे: काका, मामा, पाणी, नदी. जोडाक्षरे त्याच्याही नंतर.

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशी कौतुक आहे. तसे ते नाही आणि हे मी इथल्या सहकाऱ्यांनाही आवर्जून सांगते. मॉन्टेसरीबाई १९३९ साली मद्रासच्या अड्यारला आल्या आणि त्यांच्या पहिल्याच शिक्षक-प्रशिक्षण वर्गाला सुमारे ३०० जण बसले. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर त्यांचे पुत्र मारिओ यांना इंग्रजांनी अहमदनगरला स्थानबद्ध केले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या किती शिक्षकांना ठाऊक असेल? त्याही आधी, १९२० साली गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढले होते, ताराबाई मोडक तिथे काम करून आल्या आणि पुढे १९४५ पासून बोर्डीला व नंतर कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी हीच पद्धत पाने, बिया, शिंपले आणि खडे घेऊन आदिवासी वस्तीच्या अंगणात नेली. लाकडी ठोकळ्यांचा तो महागडा गुलाबी मनोरा वर्गात नसेल तर मॉन्टेसरी होत नाही, असे मानणाऱ्यांना कोसबाडने केव्हाच उत्तर दिले आहे.

आणि तरीही नागपुरात आज मॉन्टेसरी हे नाव ज्या पाट्यांवर दिसते, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बंगल्याचा तळमजला, भिंतीवर कार्टून आणि आत चार रेघी वही असते. नाव वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेतही १९६७ साली ते कोणा एकाच्या मालकीचे नाही असा निर्णय झाला. आपल्याकडे मुले फार असतात, हे कारण मला पटत नाही, कारण एका प्रशिक्षित शिक्षिकेकडे वेगवेगळ्या वयांची तीसेक मुले असणे या पद्धतीत चांगलेच मानले जाते. मोठी मुले लहानांना शिकवतात. पटते ते दुसरे कारण. आपल्या अंगणवाडी सेविकेने आहार वाटायचा, वजने घ्यायची, नोंदवह्या भरायच्या, सर्वेक्षणे करायची आणि उरलेल्या वेळात मुलांकडे पाहायचे. तिला खुर्चीत बसून निरीक्षण करायला सांगण्याची मला लाज वाटेल. शिवाय इथेही सगळे आलबेल नाही. सरकारी शाळेत मूल चौथ्या वर्षी येते, त्यामुळे तीन ते सहा हा मॉन्टेसरींनी एकसंध मानलेला गट डच व्यवस्थेत सुरुवातीलाच कापला जातो. मी काम करते ती खाजगी शाळा फी घेऊन ते तिसरे वर्ष देते, म्हणजे ज्याला परवडेल त्यालाच.

‘हेच मुंबईत, चेन्नईत शिकवतात, मग इतक्या लांब कशाला?’ असे नातेवाईक विचारतात. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो हे खरेच, पण एवढेच कारण नाही. नागपुरात असते तर सकाळचे सलग तीन तास, कोणाच्या घरचे कार्य नाही, कोणाचे येणे-जाणे नाही, अशा स्थितीत वर्गात नुसते बसून पाहणे मला लाभले नसते. परीक्षा झाल्यावर तीन वर्षे मी इथेच वर्ग घेणार आहे, कारण तिसऱ्या वर्षी आलेले मूल सहाव्या वर्षी वर्गातले मोठे होऊन धाकट्यांना अक्षरे दाखवताना एकदा तरी पूर्ण पाहायचे आहे. वहिनीने तोपर्यंत वही काही दिवस बंद ठेवावी, वाती वळायला आणि संत्री सोलायला पोरीला सोबत बसवावे, असे मी सांगितले आहे. पहिल्या वीस पाट्या नागपूरला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंबरोबर पाठवते आहे. ऱ्हस्व वेलांटी त्यांत नाही.