दुतोंड्या मारुतीला कुठवर?

"दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलंय गं पाणी?"

दार उघडल्या उघडल्या आत्याआजींनी हेच विचारलं. दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिकला गोदावरीच्या पात्रात, रामकुंडापाशी उभी असलेली मूर्ती; पुराचं पाणी कुठवर आलं ते तिच्यावरूनच सांगतात. आम्ही अजून बूटही काढले नव्हते. बाहेर लंडनची भुरभुर चालू होती.

या बाबांच्या चुलत आत्या. मी आज पहिल्यांदाच भेटले. माहेर पंचवटीतलं, लग्न होऊन 1968 साली इकडे आल्या.

सोफ्यावर बसून त्या पाण्याची उंची स्वतःच्याच अंगावर दाखवत होत्या. गुडघा, कंबर. मग तळहात छातीवर ठेवून म्हणाल्या, "इथवर आलं ना, की भांडीबाजारात आवराआवर सुरू." हात कितीतरी वेळ तिथेच होता.

मला उत्तर देता आलं नाही. मी अशोकस्तंभापाशी राहते, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, चालत जाता येतं. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज परवाच आला होता. वाचला आणि पुढे गेले. फार लागलं मनाला.

निघताना त्यांनी कोंडाजी चिवड्याचा पुडा मांडीवरून खाली ठेवला आणि पुन्हा म्हणाल्या, "कळव हं नक्की."

नाशिककर, आज कुणी रामकुंडावर गेलं होतं का? कुठवर आहे पाणी? फोटो असेल तर पाठवा, आत्याआजी वाट बघतायत.