चेतकचं इंजिन खोललं: कुठे हात सैल सोडला, कुठे आखडता घेतला

चेतकचं इंजिन अखेर बॉडीखालून सुटलं. मागचा शॉकअब, एक लांबलचक आडवा बोल्ट, केबली आणि वायरी, एवढ्यावरच ते लटकलेलं असतं. पण तो बोल्ट बुशच्या नळीला गंजून असा धरला होता की सकाळ-संध्याकाळ डिझेल-ऑइल पाजल्याशिवाय तो हलायचं नाव घेईना. आता इंजिन बाकावर आहे, बॉडी कोपऱ्यात पालथी आहे, आणि घरच्यांच्या मते माझी अक्कलही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी म्हणजे बजाजची चेतक स्कूटर, 1980 च्या दशकातली, 145 सीसी, टू-स्ट्रोक, 6 व्होल्ट, पॉइंटवाली (ठिणगीची वेळ उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर ठरते ती). कोल्हापुरातच आयुष्य काढलेली. गेली काही वर्षं पावसाचं पाणी पीत उभी होती. या खेपेला इंजिनाचं खालचं अंग, आणि त्यासाठी काय हत्यारं नि पार्ट घेतले त्याची नोंद.

पहिली गोष्ट हत्यारांची. 'मोठा सेट घेऊन टाक, शंभर नगांचा पेटीसकट,' हा सल्ला मला प्रत्येकाने दिला. तो मी ऐकला नाही. पेटीतलं निम्मं अधिक या गाडीला लागतच नाही, आणि जे लागतं ते नेमकं त्यात नसतं. उदाहरण 11 नंबरच्या पान्याचं घ्या. जपानी घराण्याच्या मोटरसायकलींवर हात बसलेला माणूस 8, 10, 12, 14, 17 या आकड्यांत विचार करतो. चेतक मात्र इटालियन वळणाची. वेस्पा स्कूटर बनवणाऱ्या इटलीच्या पियाजिओशी असलेला बजाजचा करार 1971 मध्ये संपला, 1972 मध्ये चेतक आली, पण आतलं गणित वेस्पाचंच राहिलं. त्यामुळे केसिंगचे (इंजिनाच्या बाहेरच्या कवचाचे) आणि हेडचे स्टड, म्हणजे रोवून बसवलेले बिनडोक्याचे बोल्ट, 7 मिलिमीटरचे, आणि त्यांचे नट 11 च्या पान्याचे. तिथे 12 चा पाना लावून 'बसतोय की' म्हणणारे भेटतात. त्यांच्या कृपेने माझ्या केसिंगचे दोन नट गोटीसारखे गोल झालेले निघाले.

म्हणून 11 चा रिंग पाना चांगल्यातला घेतला, नाशिकच्या सातपूरला बनणारा टपारियाचा. शिवाय लांब बॉक्स आणि टी पाना. 10, 13, 14, 17, 19 चे पाने घरात होतेच, जुने, पण तोंड न फाकलेले. रिंग पाना आणि फिक्स पाना यांत पैसे घालायची वेळ आली तर रिंगमध्ये घाला. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, गंजलेल्या नटावर तो सुटला की नटही गेला आणि बोटांची सालंही.

7 मिलिमीटरचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मात्र सहज मिळाला नाही. हार्डवेअरच्या दुकानात 6 आणि 8 चे ढीग, 7 म्हटलं की दुकानदार तुमच्याकडे संशयाने बघतो. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टॅप-डायच्या एका दुकानी मिळाला, 7 बाय 1 च्या आट्याचा. केसिंगमधल्या एका स्टडचे आटे गेले होते, तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकावी लागली. बाकी सगळ्या भोकांतून टॅप नुसता हाताने फिरवून जुना गॅस्केट सिमेंट आणि मळ बाहेर काढला. हे काम दिसत नाही, पण पुढे नट बसवताना फार सुख देतं.

आता टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोराला आवळला की 'टक्' करणारा पाना. इथे बरेच जण अर्ध्या इंच चौकाचा मोठा रेंच घेतात, कारण तोच दुकानात असतो आणि दिसायला भारी दिसतो. त्याची सुरुवातच साधारण 28 न्यूटन-मीटरपासून होते. आपल्या 7 मिलिमीटरच्या स्टडला 15 च्या आसपास पुरतं. म्हणजे त्या रेंचचा 'टक्' आवाज यायच्या आत स्टड हातात येणार. पाव इंच चौकाचा, 5 ते 25 न्यूटन-मीटरचा छोटा रेंच घ्या. मी तोच घेतला, आणि एवढ्या खरेदीत सगळ्यात जास्त पैसे त्याच्यावर गेले. चाकांच्या नटांना माझा हात पुरेसा आहे.

तिसरं म्हणजे खास हत्यारं: क्लचचा खाचांचा नट सोडायचा पाना, क्लच दाबून ठेवायचा कॉम्प्रेसर, आणि फ्लायव्हील धरायचा होल्डर. ही हत्यारं दुसऱ्या कशालाच लागत नाहीत, म्हणून लोक टाळतात आणि छिन्नी-हातोडीवर भागवतात. माझ्या गाडीचा क्लच उघडला तेव्हा त्या नटाकडे मी बराच वेळ बघत बसलो. चार खाचा, त्यातल्या दोन एका अंगाने पार ढासळलेल्या. खाचेच्या कडेला छिन्नीचे वार, एकावर एक, प्रत्येक थोडा वेगळ्या कोनात. म्हणजे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या मिस्त्र्यांनी हाणलेले. खालच्या लॉक वॉशरची एकही शेपटी शाबूत नव्हती, आणि नटाच्या बुडाशी पोलादाची एक बारीक कपची तेलात चिकटून बसली होती. ती कपची गिअरच्या दातांत गेली असती तर? चार खाचांचा पाना काही फार महाग येत नाही. लेथवाल्याकडून जाड पाइपच्या तुकड्यावर खाचा काढून घेतला तरी चालतो, फक्त दात कडक करून घ्या, नाहीतर दोन वेळांत वाकतात.

फ्लायव्हीलबाबत एक. माझ्या इंजिनात मधल्या नटावर सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आहे, त्यामुळे नट उलटा सोडत गेलं की तोच फ्लायव्हील ओढून बाहेर काढतो. बऱ्याच गाड्यांत ती सर्क्लिप हरवलेली असते किंवा कुणीतरी 'कशाला पाहिजे' म्हणून फेकलेली असते, आणि मग क्रँकच्या टोकावर हातोडी पडते. क्रँकचं टोक एकदा फुगलं की आटेही गेले आणि निमुळता टेपरही. नवी सर्क्लिप दहा-वीस रुपयांची वस्तू. आधी ती बघा, मग पाना लावा.

पार्टांकडे वळतो. ऑइल सील आणि बेअरिंग यांत मी एक पैसाही वाचवला नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं. गाडी मागे धुराचा पडदा सोडते, प्लग ओला होतो, आणि लोक पेट्रोलमधलं ऑइल कमी करतात, जे अगदी उलटं औषध आहे. फ्लायव्हीलच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, गाडी विनाकारण रेस मारते आणि एक दिवस पिस्टन धरतो. दोन सीलं, दोन वेगळे रोग. बेअरिंग घेताना जुन्याच्या कड्यावरचा पूर्ण नंबर उतरवून घ्या, शेपटीसकट. सी 3 लिहिलेलं असेल तर सी 3 च मागा. त्यात गोळ्यांना थोडी जास्त मोकळीक असते, आणि गरम झालेल्या केसिंगमध्ये ती लागते. 'तेच आहे हो, चालतंय' असं काउंटरवर म्हटलं गेलं की दुसरं दुकान बघावं.

इथे एक गोष्ट जपायची. या इंजिनात क्रँकची एक पाळी हीच पेट्रोलची झडप म्हणून काम करते, कार्बोरेटरखालच्या केसिंगच्या पृष्ठभागाला अगदी केसाच्या अंतराने घासून फिरते. बेअरिंगचा चुरा तिथे शिरला की त्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि गाडी कार्बोरेटरातून उलटी थुंकायला लागते. माझा पृष्ठभाग बॅटरीच्या उजेडात तिरका धरून तपासला. दोन फिके ओरखडे आहेत, नखाला लागत नाहीत. सोडून दिले. ज्यांना अशी जुनी गाडी विकत घ्यायची आहे त्यांनी कार्बोरेटर काढून तिथे डोकावल्याशिवाय भाव करू नये.

पिस्टनचं कळायला कार्बन खरवडावा लागला. डोक्यावर 0.50 निघालं, म्हणजे 57 मिलिमीटरचा मूळ बोर (सिलिंडरचा आतला व्यास) आधीच अर्धा मिलिमीटर वाढवून झालेला. सिलिंडर घेऊन उद्यमनगरात गेलो. बोरिंगवाल्या काकांनी बोट आत फिरवलं, एक्झॉस्टच्या खिडकीपाशी (धूर बाहेर जायच्या भोकापाशी) थांबवलं आणि विचारलं, "पिस्टन कुठाय?"

म्हटलं, "काका, बोर किती लागतोय ते कळल्यावर आणतो."

"आवो पावणं, पाय न मोजता चप्पल कशी शिवू? 0.75 चा पिस्टन हातात द्या, मग मशीन सुरू करतो."

काकांचं बरोबर आहे. दोन पिस्टनांवर छापलेला आकडा एक असला तरी माप एक असेलच असं नाही. बोर नेहमी त्या विशिष्ट पिस्टनाला मारायचा. पिस्टन पुण्याच्या नाना पेठेतून मागवला, रिंगा आणि गजन पिनसकट. बोरिंग झालं. खिडक्यांच्या कडा काकांनी बारीक दगडाने मारून दिल्या, न सांगता. हे न करणाऱ्याकडे परत जाऊ नका, कारण धारदार कडेत रिंग अडकते. बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.

आता जिथे हात आखडता घेतला ते. कार्बोरेटर नवा घेतला नाही. बाजारात चकचकीत नकला आहेत, पण जेटच्या भोकाचा भरवसा नाही, आणि नंबर तर कुणीही ठोकतं. जुना खोलून धुतला, पितळी जेट हवेने फुंकले (तार घालू नका, भोक मोठं होतं), फ्लोटची सुई आणि गॅस्केट तेवढी नवी. पॉइंटबरोबरच्या कंडेन्सरचंही तसंच. जुने काढून ठेवलेले कंडेन्सर मल्टिमीटरवर लावले. साधारण 0.2 ते 0.3 मायक्रोफॅरड दाखवणारे बाजूला काढले आणि हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा मोजले. थंडपणी शहाणे असणारे बरेच कंडेन्सर गरम झाल्यावर वेडे होतात, आणि नव्या पाकिटातलेही त्याला अपवाद नाहीत. पॉइंटची फट 0.4 मिलिमीटरवर ठेवणार आहे, फीलर गेज त्यासाठी पुरेसा.

पेट्रोल कॉक मात्र नवा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला आणि कॉर्कला ते सोसत नाही. पाइपही इथेनॉल सोसणाराच घेतला. कॉकचा नट टाकीच्या आत असतो, टाकीच्या तोंडातून घालायचा लांब टी पाना लागतो. तो वेस्पा-बजाज करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींनी उसना दिला. असल्या वस्तू विकत घेण्यापेक्षा ओळखीने मिळवाव्यात, चहाच्या बोलीवर.

आणि क्रोमचे सामान, बंपर, आरसे, झूल असलेली सीट, यातलं काहीही अजून घेतलेलं नाही. फोटोत ते दिसतं म्हणून आधी घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. रंगाआधी घेतलेलं सामान कोपऱ्यात पडून ओरखडून जातं.

पत्र्याचं अजून सुरू व्हायचंय. पायाखालच्या रबरी पट्ट्या उचलल्यावर पत्र्याऐवजी जमीन दिसली, एवढं सांगतो. लांबी (पुट्टी) भरून झाकणाऱ्यांतला मी नाही, तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करायचा आहे. ब्लास्टिंगला देण्याआधी चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा कागदावर घेतला आणि नंबरावर जाड टेप चिकटवली. 15 वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण करताना तपासणारा तोच नंबर शोधतो, आणि वाळूच्या माऱ्यात तो पुसट झाला तर पुढचं सगळं काम कागदावर अडकतं.

पुढच्या नोंदीत क्रँक बसवणं आणि केसिंग जोडणं. केसिंग बेकरीच्या जुन्या ओव्हनमध्ये गरम करायचा विचार आहे, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये. फ्रीजरची परवानगी अजून मिळालेली नाही. दरम्यान कुणाकडे गिअर निवडायच्या चौकडीचं झाकण, मूळ, न तडकलेलं, पडून असेल तर कळवा. माझ्याकडे 0.50 चा वापरलेला पिस्टन आणि चांगल्या अवस्थेतलं उजवं इंजिन-कव्हर जादा आहे, अदलाबदल करू.