विरजण

गेल्या आठवड्यात एका दुपारी, विरजण लावण्यापुरते दूध कोमट झाले आहे की नाही हे करंगळी बुडवून पाहत असतानाच भाचीचा फोन आला. ती इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामे करते आणि एखादा शब्द अडला की तिला मावशीची आठवण येते. ‘‘मावशी, कन्फॉर्म आणि ट्रान्सफॉर्म यांत नेमका फरक काय गं? मी दोन्हीकडे ‘बदलणे’ लिहिलं होतं, तर दोन्ही लाल शाईने कापून आलंय.’’ संध्याकाळी सांगते, असे म्हणून मी वेळ मारून नेली.

खरे तर आपल्याकडे हे दोन्ही शब्द भलत्याच कामांना जुंपलेले आहेत. आपले ‘कन्फॉर्म’ होते ते रेल्वेचे तिकीट. तो शब्द मुळात ‘कन्फर्म’ असतो, पण इतक्या लोकांनी इतकी वर्षे त्याला ‘कन्फॉर्म’ म्हटले आहे की आता दुरुस्त करणाराच चुकीचा वाटू लागतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे कोपऱ्यावरच्या दोन खांबांच्या मधे बसवलेली ती राखाडी पेटी. सरकारी मराठीत तिला ‘रोहित्र’ असे देखणे नाव आहे. तिचे काम पाहिले तर मात्र गंमत वाटते, कारण ११,००० व्होल्टने आलेली वीज ती ४३३ व्होल्टवर आणून आपल्या गल्लीत सोडते; पण आत शिरताना जी ५० हर्ट्झची वीज होती तीच बाहेर पडते, फक्त आपल्या घरांना सोसेल इतकी नमून. म्हणजे नाव रूपांतराचे आणि काम जुळवून घेण्याचे.

भाचीला हे सांगून उपयोग नव्हता. माझ्या समोर ओट्यावर मात्र दूध होते.

दूध जुळवून घेण्यात पटाईत असते. पातेल्यात पातेल्याएवढे, पेल्यात पेल्याएवढे, आणि सांडले तर ओट्याच्या उताराइतके. स्वतःचा म्हणून काही आकार धरावा असे त्याला वाटत नाही. त्यात चमचाभर विरजण कालवले, झाकण ठेवले, की पाच-सहा तासांत तेच पातेले तिरके केले तरी आतले काही हलत नाही, आणि चमच्याने कवडी उचलली की तिची कड शाबूत राहते. बाहेरून भर पडली ती चमचाभर विरजणाची, आणि बाहेर तर काहीच गेले नाही. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, तेवढेच पाणी दह्यातही असते. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात, त्या आम्लाने केसीन नावाच्या प्रथिनाचे इतस्ततः तरंगणारे कण एकमेकांना धरतात आणि त्यांच्या जाळीत सगळे पाणी अडकून उभे राहते. त्या जिवाणूंतला एक स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनिव्हात ओळखला, आणि म्हणून शास्त्रात त्याच्या नावाला बल्गेरिया कायमचा चिकटला आहे. तिकडच्या आज्यांनाही याचे फार नवल वाटले नसावे.

माझी आजी जळगावला थंडीच्या दिवसांत विरजणाचे भांडे जुन्या लुगड्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवत असे, आणि त्यानंतर त्या डब्याच्या आसपास धावायचीही आम्हाला बंदी असे. दुधाचे दही नेमके कधी होते ते एकदा पाहायचेच, असे मी सात-आठ वर्षांची असताना मनावर घेतले. रात्री तीनदा उठून झाकण काढले आणि भांडे तिरके केले. पहिल्यांदा दूध होते, दुसऱ्यांदाही दूधच होते, आणि तिसऱ्यांदा ना दूध ना दही असे काहीतरी लिबलिबीत दिसले. सकाळी पाण्यात गुठळ्या तरंगत होत्या. आजी रागावली नाही. तिने त्यात रवी फिरवली, मीठ टाकले आणि पेला माझ्यासमोर ठेवून म्हणाली, ‘‘तूच हलवलंस ना, आता तूच पी.’’ तेव्हापासून लागत असलेल्या दह्याकडे मी बघतसुद्धा नाही, आणि घरात दुसऱ्या कोणी बघितले तरी मला चालत नाही.

भाषेने मात्र विरजणावर अन्याय केला आहे. उत्साहावर विरजण पडते, बेतावर विरजण पडते. म्हणजे जे चालले होते ते बिघडले. हा शब्दप्रयोग करणारी व्यक्तीच घरातले विरजण संपले की वाटी घेऊन शेजारी जाते, हे मला नेहमी खटकते. दूध नासते तेव्हा त्यातही आम्लच वाढलेले असते आणि तेच केसीन गोळा होते. फरक एवढाच, की एकाची आपण वाट पाहिलेली असते आणि दुसऱ्याची नाही.

माझ्या लग्नात आईने पाठवणीच्या वेळी सांगितले होते, ‘‘दुधात साखरेसारखी मिसळून जा.’’ संजाणच्या किनाऱ्याला लागलेल्या पारशांची आख्यायिका तिला फार आवडे. राजाने काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला, आणि त्यांनी त्यात साखर घालून, एक थेंबही सांडू न देता, तो परत केला. मिसळलेली साखर साखरच राहते आणि दूधही दूधच राहते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, आणि आईच्याही आले नसावे. मी खान्देशातून पुण्यात आले ती आमटीत गूळ घालणाऱ्या घरात. पहिली काही वर्षे मी गूळ घालत होते ती निव्वळ जुळवून घेण्यासाठी. मनात काळ्या मसाल्याचे तिखट वरण तसेच्या तसे होते, आणि माहेरी गेले की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येऊन जीव शांत होई. मग एका दिवाळीत माहेरी जेवायला बसले असता वरणाचा घास घेऊन माझा हात थांबला, आणि भावाने विचारले, ‘‘काय गं, काय कमी आहे?’’ मी काही नाही म्हणाले. कमी गूळ होता.

हे कोणत्या वर्षी घडले ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी मी भाचीला कळवले, की एका ठिकाणी ‘जुळवून घेणे’ लिही आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पालटून जाणे’. तिने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. या मार्गशीर्षात तिचे लग्न आहे, ती नागपूरला जाणार आहे, आणि पाठवणीच्या वेळी आता आईच्या जागी मी उभी असेन. विरजणाची वाटी मी तिच्याबरोबर देईन. तिला सांगायचे काय, ते मात्र अजून सुचलेले नाही.